पीएचडीचा डेटा खुला केला: कातळसड्याच्या वह्यांपासून डीओआयपर्यंत

जानेवारी 2025 मध्ये जर्नलच्या एडिटरचा मेल आला की पेपर रिव्ह्यूला जाण्याआधी त्यामागचा डेटा कुठल्यातरी सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या वेबसाईटवर, ठेवा आणि त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाईन ओळख-नंबर, कळवा, "डेटा मागितल्यास दिला जाईल" हे वाक्य आम्ही आता घेत नाही. नोव्हेंबरपर्यंत माझा बराचसा वेळ यातच गेला. सुरुवातीला मी इंग्रजीतली गाईडं वाचत बसायचे आणि त्यात सगळं असायचं, फक्त प्राचार्यांची सही कुठल्या कागदावर घ्यायची आणि सड्याच्या मालकाला काय विचारायचं हे नसायचं. म्हणून हे जसं घडलं तसं लिहितेय.

आमचं काम रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर-लांजा भागातल्या कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर. उन्हाळ्यात काळा रखरखीत जांभा, आणि पाऊस पडला की त्याच दगडावर चार महिने सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, आणि फक्त कोकण-गोव्यात सापडणारी डिपकॅडी काँकॅनेन्से ही वनस्पती. एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येक वनस्पतीनं किती टक्के जागा व्यापलीय ते लिहायचं, असं 2019 ते 2023 केलं, मधलं 2020 लॉकडाऊनमध्ये गेलं. कोकणातले बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत, तिथे चिऱ्याच्या खाणी होतात, दगड फोडून आंबा-काजू लावतात, रस्ते जातात. मोजलेला सडा दहा वर्षांनी तसाच असेल याची खात्री नाही, आणि नसला तर तिथे आधी काय उगवायचं हे आमच्या तक्त्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे एडिटरचा मेल आला नसता तरी मला हे कधीतरी करायचंच होतं.

"मागितल्यास मिळेल" यावर माझा विश्वास आधीच उडालेला होता. पीएचडीच्या सुरुवातीला मी जुन्या पेपरांच्या लेखकांना मेल लिहिले होते, एकाचा मेल बाऊन्स झाला, एक सर रिटायर झाले होते आणि त्यांच्या वह्या डिपार्टमेंट हलवताना कुठे गेल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. 2022 चा एक अभ्यास आहे, त्यात "मागितल्यास डेटा देऊ" असं लिहिलेल्या 1,792 पेपरांच्या लेखकांना खरंच डेटा मागितला, आणि 93 टक्क्यांनी एकतर उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं. यात कुणी वाईट असतं असं नाही. लॅपटॉप बदलतात, माणसं बदलतात, वह्या भिजतात.

फेब्रुवारी आणि मार्च पूर्ण सफाईत गेले. माझा अंदाज एका आठवड्याचा होता, तर तुम्ही अंदाज करताना महिन्यांत करा. वह्या पावसात लिहिलेल्या, पेन्सिलीनं, चार-पाच जणांच्या अक्षरात. एमएस्सीच्या एका मुलीला सहा हजार रुपये मानधन देऊन सगळ्या वह्या परत टाईप करून घेतल्या, मी स्वतः वेगळ्या टाईप केल्या, आणि दोन्ही फाईली एकमेकींशी ताडून जिथे फरक तिथे वही उघडायची. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय मला दिसला नाही. वह्यांचे फोटो मोबाईलच्या स्कॅनिंग ॲपनं काढून वेगळे ठेवले आणि साडेचार हजारांची एक हार्ड डिस्क घेतली. मूळ फाईली एका फोल्डरमध्ये टाकून तो फोल्डर रीड-ओन्ली केला, म्हणजे पुढे काहीही बिघडलं तरी तिथे परत जाता येतं.

सगळ्यात जास्त वेळ तारखांनी घेतला. फील्डचा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर होता, त्यामुळे 05/09/2021 असं टाईप केलं की एक्सेल ते 9 मे समजायचं आणि 25/09/2021 ला मात्र तारीखच समजायचं नाही, साधा मजकूर म्हणून सोडून द्यायचं, म्हणजे एकाच कॉलममध्ये निम्म्या तारखा उलट्या आणि निम्म्या तारखाच नाहीत. आम्हाला पावसाळ्यानं वाचवलं. आम्ही जून ते ऑक्टोबरच सड्यावर जात होतो, त्यामुळे फेब्रुवारी किंवा मे दिसला की दिवस-महिना उलटलाय हे नक्की. खरा गोंधळ फक्त 6 ते 10 या आकड्यांचा, 7/8 म्हणजे 7 ऑगस्ट की 8 जुलै, तिथे वही आणि त्या दिवशीच्या फोटोंची तारीख बघितली. शेवटी सगळ्या तारखा 2021-09-05 अशा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. एक्सेलच्या या सवयीचा त्रास किती मोठा आहे तर माणसाच्या काही जनुकांची नावं एक्सेल तारीख समजायचं म्हणून 2020 मध्ये त्या नावांच्या समितीनं शेवटी जनुकांचीच नावं बदलली.

दुसरी गोष्ट शून्याची. चौकोनात एखादी वनस्पती नव्हती म्हणजे 0, आणि पाणी साचलं म्हणून चौकोन मोजलाच नाही म्हणजे रिकामं. वहीत दोन्हीकडे आडवी रेघ असते. मोजणाऱ्याला फरक माहीत असतो, दहा वर्षांनी फाईल उघडणाऱ्याला नसतो, आणि तो जर रिकाम्या जागी शून्य धरून बसला तर त्याला वाटणार की पाणथळ भागात काही उगवतच नाही, जे बरोबर उलट आहे. एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर आम्ही अधिकचं चिन्ह लिहायचो, ते चिन्ह एका कॉलममध्ये तसंच ठेवलं आणि हिशेबासाठी 0.5 वेगळ्या कॉलममध्ये.

नावांचंही तसंच. फील्डमध्ये लिहिलेलं नाव एका कॉलममध्ये, क्यू गार्डन्सच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाईनवर तपासलेलं आजचं नाव दुसऱ्यात, आणि कधी तपासलं ती तारीख तिसऱ्यात, कारण नावं बदलत राहतात. गेंदाच्या प्रजाती बी मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय नक्की सांगणं अवघड असतं, जिथे बी मिळालं नव्हतं तिथे फक्त एरिओकॉलॉन हे वंशाचं नाव एवढंच लिहून थांबलो, काही नमुने पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, जाऊन ताडले. मराठी आणि बोलीतली नावं ठेवायची असतील तर एक लक्षात ठेवा, देवनागरी असलेली सीएसव्ही (तक्ता साध्या मजकुरात ठेवणारी) फाईल एक्सेलमधून साधी सेव्ह केली की सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करताना यूटीएफ-8 वाला सीएसव्ही निवडायचा आणि बंद करून परत उघडून बघायचं.

एप्रिलपासून परवानग्या. इथे मला सगळ्यात जास्त भीती होती. गाईड मॅडमना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आणि त्यांची काळजी खरी होती, की अजून दोन पेपर यायचेत, कुणीतरी आपलाच डेटा उचलून आपल्या आधी छापला तर? आमच्याकडे फेलोशिप किती दिवस पुरते आणि एक पेपर गेला तर काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना ही भीती फालतू वाटणार नाही. आम्ही बसून ठरवलं की या पेपरला लागणारे तक्ते लगेच खुले, आणि परागीभवनाची निरीक्षणं, ज्यावर पुढचा पेपर आहे, ती नंतर, त्याला एम्बार्गो लावता येतो, म्हणजे तारीख घालून ठेवायची आणि त्या दिवशी ती फाईल आपोआप खुली होते. जे जे फील्डला आले होते त्या सगळ्यांना मेल केला, कुणाचं नाव कसं लिहायचं ते विचारलं आणि उत्तरं पीडीएफ करून ठेवली. तोंडी होकारावर जाऊ नका, माणसं नोकरीला लागतात, नंबर बदलतात.

कॉलेजचा अर्ज वेगळा. विषय, डेटाचं स्वरूप, कुठे ठेवणार, खर्च शून्य, असं एक पान, गाईडची सही, एचओडींची सही, मग आवक नंबर. तिथून प्रश्न आला की हा डेटा परदेशी सर्व्हरवर जाणार, मग जैवविविधता कायद्याचं काय? प्रश्न योग्य होता. 2002 च्या कायद्यात भारतातल्या जैविक संसाधनांवरच्या संशोधनाचे निष्कर्ष पैसे घेऊन किंवा न घेता परदेशी व्यक्ती किंवा संस्थांना मंजुरीशिवाय देण्यावर बंधन आहे, आणि त्याच कलमात सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संशोधन पेपर छापणं त्यात धरलेलं नाही. आम्ही कुणाकडून पैसे घेत नव्हतो, नमुने पाठवत नव्हतो, जनुकीय माहिती त्यात नव्हती. हे सगळं एका पत्रात लिहून दिलं, सोबत 2012 चं राष्ट्रीय डेटा शेअरिंग धोरण आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं (डीबीटी-डीएसटी) 2014 चं ओपन ॲक्सेस धोरण प्रिंट काढून जोडलं, आणि फाईल पाच आठवडे एका टेबलावर राहून जूनमध्ये परत आली. तुमचं काम जनुकांचं किंवा औषधी गुणांचं असेल तर ही पायरी माझ्याएवढी सोपी नसेल, आधीच विचारून घ्या. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या, नंबर असला की विचारायला गेल्यावर फाईल सापडते.

मग गावात. सड्यांचे मालक ओळखीचे झाले होते, पण मोजायला येऊ देणं वेगळं आणि गावाचं नाव जगाला दिसणं वेगळं, म्हणून परत जाऊन प्रत्येकाला मोबाईलवर दाखवलं की साधारण असं दिसेल. एक काका म्हणाले, "नाव घाला हो गावाचं, पण ती कंदीलफुलं कुठं हायत ते नका सांगू कुणाला, लोक कंद उपटून नेतात." त्यांच्या या एका वाक्यावर पुढचा दीड महिना काम केलं.

वह्यांमध्ये अजून एक कॉलम होता, कुठली पाला-मुळी कशावर वापरतात त्याचा. ती माहिती आजींनी आणि एका वैदूंनी बोलता बोलता सांगितलेली. त्यांनी ती आम्हाला सांगितली होती, जगाला नाही. मूलनिवासींच्या डेटासाठी 2019 मध्ये केअर नावाची तत्त्वं मांडली गेलीत, ज्यांची माहिती त्यांचा तिच्यावर अधिकार असा त्याचा गाभा आहे, ती वाचल्यावर माझ्या मनात शंका राहिली नाही. तो कॉलम खुल्या फाईलमधून पूर्ण काढला. वनस्पतींची स्थानिक नावं ठेवली, ती ठेवायला सगळे खुशीनं हो म्हणाले.

आता जागांचं. सेरोपेजिया म्हणजे कंदीलफुलं, आणि अजून काही दुर्मीळ वनस्पती, यांचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर एकाच आकड्यापर्यंत ठेवले, 0.1 अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण 11 किलोमीटर. आकडे उगाच इकडेतिकडे हलवायचे नाहीत, कारण मग वाचणाऱ्याला खोटी अचूकता दिसते, फक्त गोल करायचे आणि गोल केलेत असं त्यासाठीच्या रकान्यात स्पष्ट लिहायचं. पण आकडे गोल करून भागत नाही. जागेचं वर्णन "देवळामागच्या तळीच्या उत्तरेला" असं असेल तर त्यातच सगळं आलं. त्याच चौकोनातल्या साध्या गवताच्या ओळीत नेमके अक्षांश असतील तर चौकोनाच्या नंबरवरून कंदीलफूल सापडतं, म्हणून अशा चौकोनाच्या सगळ्याच ओळींतले आकडे गोल करावे लागतात. आणि फोटो! मोबाईलच्या फोटोत जीपीएस लपलेला असतो, एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यानं सगळ्या फोटोंतला काढून टाकला. माणसांचे चेहरे असलेले फोटो घेतलेच नाहीत. तुम्ही तीच वनस्पती आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर टाकली असेल तर तिथली जागाही बघा, धोक्यात नोंदलेल्या प्रजाती ते आपोआप 0.2 अंशाच्या चौकोनात झाकतं, पण बाकीच्या नेमक्या दिसतात.

नेमके आकडे फेकून द्यायचे नव्हते, पुढे कुणाला तोच चौकोन परत मोजायचा असेल तर तेच लागणार. ते एका वेगळ्या रेकॉर्डमध्ये बंद ठेवले, त्याचं वर्णन सगळ्यांना दिसतं, फाईल मागावी लागते.

लायसन्सवर, म्हणजे डेटा कुणी कुठल्या अटीवर वापरायचा यावर, मॅडमशी बरीच चर्चा झाली. आमचा दोघींचा पहिला कल "व्यावसायिक वापर नको" या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) बाय-एनसी लायसन्सकडे होता, कुणी आपल्या कष्टावर पैसे का कमवावेत. पण मग विचार केला की या सड्यांवर उद्या प्रकल्प आला तर पर्यावरण परिणाम अहवाल कोण लिहिणार? कन्सल्टंट, म्हणजे व्यावसायिकच. "इथे विशेष काही उगवत नाही" असं लिहिण्याआधी ज्यांनी हा तक्ता बघायलाच हवा त्यांनाच आपण दार बंद करतोय. विकिपीडियालाही एनसी चालत नाही. सीसी झिरो म्हणजे कसलीच अट नाही, तेही अनेक डेटावाले सुचवतात, पण गावाचा आणि मुलांचा उल्लेख राहावा म्हणून आम्ही सीसी बाय 4.0 घेतलं, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं. हे एकदा दिलं की ज्याला मिळालं त्याच्याकडून परत घेता येत नाही, त्यामुळे घाई करू नका.

रिपॉझिटरी झेनोडो घेतली. युरोपातली सर्न ही संशोधन संस्था आणि ओपनएअर हा खुल्या संशोधनाचा प्रकल्प यांनी 2013 मध्ये सुरू केलेली, फुकट, एका रेकॉर्डला 50 जीबीपर्यंत चालतं, आमचं फोटो धरून तीन जीबीच्या आसपास. काही रिपॉझिटऱ्या प्रत्येक डेटासेटला पैसे घेतात, ते डॉलरमध्ये, आमच्याकडे त्या हेडखाली ग्रँट नव्हती. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-नंबर, काढून ठेवा, तोही फुकट, त्यानंच लॉगिन होतं. झेनोडोचा सॅंडबॉक्स म्हणून एक सरावाचा भाग आहे, जुलैमध्ये तिथे सगळं आधी करून बघितलं, तिथला डीओआय खरा नसतो त्यामुळे पेपरात तो टाकू नका. खऱ्या जागी पब्लिश दाबण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो, तो रीडमीत (डेटा समजावणाऱ्या सोबतच्या फाईलीत) आणि पेपरात लिहून मग पब्लिश करायचं. एकदा पब्लिश केलं की वर्णन बदलता येतं, फाईली सहजासहजी बदलता येत नाहीत, बदललेल्या फाईलसाठी नवीन आवृत्ती काढायची, तिला वेगळा डीओआय मिळतो, आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक डीओआय असतो. पेपरात ज्या आवृत्तीवर हिशेब केलाय तिचाच द्यायचा.

रीडमीला मी चार दिवस दिले आणि अजून द्यायला हवेत असं वाटतं. प्रत्येक कॉलम म्हणजे काय, एकक काय, रिकामं म्हणजे काय, मोजणी कुणी आणि कशी केली, कुठली जागा का गोल केलीय, इंग्रजीत आणि खाली मराठीत. विद्यार्थ्यांपैकी एका मुलाला, जो या प्रोजेक्टवर नव्हता, नुसता फोल्डर दिला आणि म्हटलं यातून 2021 ची प्रजातींची संख्या काढून दाखव. तो जिथे जिथे अडला तिथे तिथे रीडमीत वाक्य वाढवलं. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतली ही सगळ्यात उपयोगी दुपार होती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पब्लिश केलं. बटण दाबताना हात थरथरत होते, मॅडम शेजारी बसल्या होत्या, आणि डीओआय टाकून पान उघडलं तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

एडिटरना लिंक पाठवल्यावर पेपर रिव्ह्यूला गेला. एका रिव्ह्यूअरनं खरोखर फाईली उघडून आमचा एक आलेख स्वतः काढून बघितला होता, त्यांच्या प्रश्नांमुळे मेथड्सचा भाग खूप सुधारला.

जीबीआयएफ हा वेगळा टप्पा, सक्तीचा नाही. जगभरातल्या जीवनोंदी तिथे एकत्र शोधता येतात, आपला डेटा नकाशावर बाकीच्यांच्या नोंदींशेजारी दिसतो. तिथे व्यक्तीला नोंदणी करता येत नाही, संस्थेला करावी लागते, म्हणजे परत प्राचार्य, परत आवक नंबर. नोंदणीला मान्यता मिळायला सहा-सात आठवडे लागले. तोपर्यंत कॉलमची नावं डार्विन कोअर या जीवनोंदींच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बदलली, प्रत्येक नोंदीला कायमचा वेगळा आयडी दिला, आणि त्यांचा फुकटचा व्हॅलिडेटर आहे त्यात फाईल घालून चुका काढल्या. त्यानं दाखवलेली एक ओळ समुद्रात पडत होती, रेखांश गोल केल्यामुळे, सडा किनाऱ्याजवळचा होता. तिथे अनिश्चिततेच्या रकान्यात किती मीटर ते लिहिलेलं असल्यामुळे तशीच ठेवली. जीबीआयएफ फक्त सीसी झिरो, सीसी बाय आणि सीसी बाय-एनसी ही तीनच लायसन्स घेतं हेही आधी माहीत असलेलं बरं. नोव्हेंबरमध्ये डेटा तिथे दिसायला लागला.

बंद ठेवलेल्या नेमक्या जागांसाठी आत्तापर्यंत दोन विनंत्या आल्यात. त्यासाठी मॅडम आणि मी आधीच लिहून ठेवलंय की कोण, कुठल्या संस्थेतून, कशासाठी, आणि त्या सड्याच्या मालकाला विचारलंय का, एवढं कळल्याशिवाय द्यायचं नाही, आणि उत्तर पंधरा दिवसांत द्यायचंच, हो असो वा नाही. एका विद्यार्थिनीला दिलं, ती तेच चौकोन परत मोजणार आहे. दुसऱ्या मेलमध्ये नाव सोडून काहीच नव्हतं, त्यांना प्रश्न पाठवलेत, उत्तर आलेलं नाही. स्थानिक नावांसकट मराठी यादी तीन ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांना छापून दिलीय, झेरॉक्स आणि बाइंडिंगचे मिळून साडेआठशे रुपये झाले. त्यातल्या एका समितीनं चार नावं दुरुस्त करून परत पाठवलीत, ती पुढच्या आवृत्तीत जातील.